व्हिडिओ पोकर: पे टेबल कसं वाचायचं आणि चांगलं मशीन कसं हुडकायचं?

किलवर_तिर्री (धागाकर्ती)

स्लॉट मशीन किती परत देतं हे बाहेरून पाहून कळायला मार्ग नसतो. व्हिडिओ पोकरचं तसं नाही. बावन्न पत्ते, पाच वाटले, हवे ते धरा, नको ते बदला. पिसणं प्रामाणिक असेल तर प्रत्येक हात (पाच पत्त्यांचा संच) किती वेळा येणार हे ठरलेलं आहे आणि त्याला किती नाणी मिळणार हे स्क्रीनवर लिहिलेलं आहे, तेच पे टेबल. दोन्ही ठाऊक असले की मशीनचा परतावा, म्हणजे लावलेल्या पैशातला सरासरी परत मिळणारा वाटा, दशांशापर्यंत काढता येतो.

तरीही बरेच जण खुर्ची मोकळी दिसली की बसतात. शेजारी शेजारी दोन 'जॅक्स ऑर बेटर' (गुलामाच्या जोडीपासून बक्षीस देणारा साधा प्रकार) उभी असतात, रंग तोच, बटणं तीच, आणि त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा दहापट महाग असू शकतं. इथे नीट माहिती एकत्र करूया. सगळ्यात आधी कोणत्या ओळी बघायच्या? एखादी ओळ एका नाण्याने कमी झाली तर नक्की किती फटका बसतो? जॅक्स सोडून इतर प्रकारांत कोणत्या खुणा शोधायच्या? आणि कॅसिनोत शिरल्यावर शोध कुठून सुरू करायचा? उदाहरणं नेवाडाची घेऊ, हा खेळ मोठा झाला तो तिथेच.

गणितवेडा

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो.

जॅक्स ऑर बेटरमध्ये फक्त दोन ओळी बघा: फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी) आणि फ्लश (पाचही पत्ते बदाम किंवा पाचही इस्पिक, असे एकाच प्रकारचे). मशीनची नावंही त्यावरूनच पडली आहेत. '९/६' म्हणजे एका नाण्याला फुल हाऊसवर ९ आणि फ्लशवर ६. बाकीच्या ओळी सहसा अशा असतात: रॉयल (दश्शी ते एक्का असा फ्लश) ८००, स्ट्रेट फ्लश (ओळीने पाच आणि फ्लशही) ५०, चार सारखे २५, स्ट्रेट (ओळीने पाच) ४, तीन सारखे ३, दोन जोड्या २, गुलाम किंवा त्यावरची जोडी १.

कॅसिनो याच दोन ओळी का छाटतात? फुल हाऊस दर शंभर हातांत १.१५ वेळा येतो, फ्लश १.१० वेळा. म्हणजे यातली कुठलीही ओळ एका नाण्याने कमी केली की परतावा साधारण १.१ टक्क्याने खाली येतो. वरकरणी काही बदललेलं वाटत नाही, कारण ज्या दोन जोड्या आणि गुलामाच्या जोड्या सारख्या येत राहतात त्यांना हात लावलेला नसतो.

अचूक खेळ धरून आकडे:

९/६ : ९९.५४ टक्के
९/५ : ९८.४५
८/६ : ९८.३९
८/५ : ९७.३०
७/५ : ९६.१५
६/५ : ९५.००

पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातली तूट बघा, ०.४६ आणि ५.००. धाग्यातलं 'दहापट' अतिशयोक्ती नाही.

मोरपंखी

वाचनखूण साठवली. टक्क्यांऐवजी पैशात सांगितलं तर डोक्यात जास्त पक्कं बसेल.

सांख्यिक

@मोरपंखी, घ्या. पाव डॉलरचं मशीन, पाच नाणी, म्हणजे हाताला सव्वा डॉलर. सराईत माणूस तासाला ६०० हात सहज खेळतो. तासाची एकूण लावणी झाली ७५० डॉलर.

९/६ वर अपेक्षित तोटा तासाला ३ डॉलर ४५ सेंट. ८/५ वर २० डॉलर २५ सेंट. ६/५ वर साडेसदतीस डॉलर.

एवढी तफावत असूनही एका बैठकीत ती जाणवत नाही, कारण नशिबाचा चढउतार याहून कितीतरी मोठा असतो. ६/५ वर माणूस जिंकून उठतो आणि ९/६ वर हरून उठतो, असं रोज होतं. म्हणून 'ते मशीन मला लाभतं' यावरून मशीन निवडू नये, टेबलावरून निवडावं.

हुकुमाची_राणी

टेबल वाचताना होणारी एक गडबड. पे टेबलमध्ये पाच रकाने असतात, एका नाण्यापासून पाच नाण्यांपर्यंत. पाच नाणी लावली की शेवटचा रकाना उजळतो आणि नजर तिथेच जाते. तिथले आकडे पाचने भागून घ्या: फुल हाऊस ४५ म्हणजे ९, ४० म्हणजे ८, ३० म्हणजे ६. फ्लश ३० म्हणजे ६, २५ म्हणजे ५. पहिला रकाना वाचलात तर भागाकारही नको.

रॉयलची ओळ मात्र शेवटच्या रकान्यातच बघायची. एक ते चार नाण्यांपर्यंत रॉयल दर नाण्याला २५०, आणि पाचव्या नाण्याला एकदम ८००, म्हणजे एकूण ४,०००. पाचव्या नाण्याची सगळी गंमत या उडीत आहे. ९/६ वर एकच नाणं लावलं तर परतावा ९९.५४ वरून ९८.३७ वर येतो. म्हणून पाच नाणी परवडत नसतील तर नाण्याचा आकार, म्हणजे एका नाण्याची किंमत, कमी करा, नाण्यांची संख्या नको.

टग्या_बोका

@हुकुमाची राणी, शेवटचं वाक्य सरसकट पटत नाही. लहान आकारात टेबल बरेचदा खालावतं, ते हिशोबात धरलंच पाहिजे. समजा डॉलरला ९/६ आहे आणि पाव डॉलरला ८/५. डॉलरवर एकच नाणं लावलं तर हाताला १ डॉलर आणि परतावा ९८.३७. पाव डॉलरवर पाच नाणी लावली तर हाताला सव्वा डॉलर आणि परतावा ९७.३०. पहिला पर्याय स्वस्तही आहे आणि चांगलाही. तासाचा तोटा जवळजवळ निम्मा, ९ डॉलर ७८ सेंट.

'नेहमी पाच नाणी' हा नियम एकाच टेबलापुरता खरा.

हुकुमाची_राणी

मान्य. फक्त रॉयल लागला तर ४,००० ऐवजी २५० डॉलर मिळतील, ही तयारी ठेवून बसायला हवं.

गणितवेडा

टग्या बोक्याचा मुद्दा चोख आहे. एक पुरवणी: एका नाण्यावर खेळताना डावपेचही थोडे बदलतात, कारण रॉयलची ओढ कमी होते. ९८.३७ हा आकडा तो बदल धरून आहे.

निळाई

आता जॅक्स सोडून बाकीचे. इथे '९/६' हे नाव फसवं ठरतं, कारण तेच दोन आकडे वेगळ्या खेळात वेगळा अर्थ देतात.

आधी दोन जोड्यांची ओळ बघा. जॅक्स आणि बोनस पोकरमध्ये तिथे २ असतात. डबल बोनस, डबल डबल बोनस, बोनस पोकर डिलक्स यांत १. दोन जोड्या दर शंभरात जवळपास तेरा वेळा येतात, म्हणजे एक नाणं काढलं की थेट तेरा टक्के गेले. ते परत दिले जातात चार सारख्यांच्या मोठ्या बक्षिसांतून. पैसा वारंवार येणाऱ्या हातांकडून दुर्मिळ हातांकडे सरकवलेला असतो. खेळ जास्त थरारक होतो आणि खिसाही जास्त वेगाने रिकामा होऊ शकतो.

बोनस पोकर: चार एक्के ८०, चार दुऱ्या-तिऱ्या-चव्व्या ४०, बाकी चार सारखे २५. याचं पूर्ण (न छाटलेलं) टेबल ८/५, परतावा ९९.१७. ८/५ जॅक्स टाकाऊ आणि ८/५ बोनस उत्तम, हे पक्कं ध्यानात ठेवा. ७/५ ला ९८.०१, ६/५ ला ९६.८७.

डबल बोनस: चार सारख्यांना याच क्रमाने १६०, ८०, ५०. इथे स्ट्रेटला ५ मिळाले पाहिजेत. १०/७ असेल तर १००.१७, म्हणजे अचूक खेळणाऱ्याच्या बाजूने. ९/७ ला ९९.११, आणि ९/६ ला एकदम ९७.८१.

डबल डबल बोनस: चार एक्के आणि पाचवा पत्ता दुर्री, तिर्री किंवा चव्वी असेल तर ४००. चार दुऱ्या-तिऱ्या-चव्व्यांसोबत एक्का ते चव्वीपैकी पत्ता असेल तर १६०. ९/६ ला ९८.९८, ९/५ ला ९७.८७, ८/५ ला ९६.७९.

तेव्हा कोणी 'तिथे ९/६ आहे' म्हणालं की पहिला प्रश्न: कोणत्या खेळाचं?

रानजाई

डबल डबलमध्ये तीन एक्के आणि एक दुर्री हातात आली तर दुर्री धरायची ना? पाचव्या पत्त्यासाठीच तर ४०० आहेत.

पत्तेबहाद्दर

नाही, टाकायची. पूर्ण हिशोब मांडतो, कारण ही चूक फार पसरलेली आहे.

तीन एक्के आणि दुर्री धरली, तर उरलेल्या ४७ पत्त्यांतून एकच यायचा आहे. १ पत्ता एक्का, ४०० मिळतील. ३ पत्ते दुऱ्या, फुल हाऊस, प्रत्येकी ९. उरलेल्या ४३ पत्त्यांवर तीन सारख्यांचे ३. बेरीज ४०० + २७ + १२९ = ५५६, भागिले ४७, सरासरी ११.८३.

फक्त तीन एक्के धरले तर दोन पत्ते येणार, एकूण १,०८१ जोड्या. एक्का आणि लहान पत्ता: ११ जोड्या, प्रत्येकी ४००. एक्का आणि इतर पत्ता: ३५ जोड्या, प्रत्येकी १६०. फुल हाऊस ६६ जोड्या, प्रत्येकी ९. बाकी ९६९ जोड्यांना ३. बेरीज १३,५०१, सरासरी १२.४९.

दोन पत्ते मागवले की चौथा एक्का यायला दोन संधी मिळतात, म्हणून. ट्रिपल डबल बोनसमध्ये तिथे ४०० ऐवजी ८०० असतात, तिथे मात्र दुर्री धरायची. टेबल बदललं की हात खेळण्याची रीत बदलते, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

रानजाई

पटलं. मनाने उलटंच वाटतं, पण आकडे स्पष्ट आहेत. धन्यवाद!

सांख्यिक

निळाईंनी 'थरारक' म्हटलं त्याला आकडा देतो. जॅक्स ९/६ चं प्रसरण (निकाल सरासरीपासून किती पसरतात याचं माप) साधारण १९.५, डबल बोनसचं २८, डबल डबलचं ४२. पाव डॉलरवर ६०० हातांच्या तासात जॅक्सचा नेहमीचा चढउतार १३५ डॉलरच्या आसपास, डबल डबलचा २०० च्या आसपास. त्याच पैशात डबल डबलवर टिकण्याचा कालावधी बराच कमी.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ९९.५४ मध्ये जवळपास २ टक्के एकट्या रॉयलचे आहेत, आणि रॉयल सरासरी ४०,३९१ हातांत एकदा येतो. तासाला ६०० हात धरले तर सुमारे ६७ तास. तो येईपर्यंत तुमचं मशीन प्रत्यक्षात साडेसत्त्याण्णव टक्क्यांचंच आहे, तासाला अठरा डॉलर झिजणारं. बरं, ४०,३९१ हात झाले म्हणजे रॉयल आलाच पाहिजे असंही नाही. तेवढ्यात न येण्याची शक्यता ३७ टक्के. तिप्पट हातांनंतरही न येणारे पाच टक्के लोक असतात.

टग्या_बोका

तरी डबल डबलची गर्दी हटत नाही. कारण सरळ आहे, लोकांना मोठा हात हवा असतो आणि जॅक्सवर चार सारख्यांना १२५ नाणी म्हणजे काहीच वाटत नाहीत. त्यात गैर नाही. ९/६ डबल डबल ९८.९८ चं आहे, म्हणजे ८/५ जॅक्सपेक्षा कितीतरी बरं. थरार हवा असेल तर घ्या, पण त्याचं ८/५ टेबल घेऊ नका.

शिलेदार

ड्यूसेस वाइल्ड राहिलं. दुऱ्या हुकमी, चारही, म्हणजे त्या कोणत्याही पत्त्याची जागा घेतात. जोडीला काहीच मिळत नाही, तीन सारख्यांपासून सुरुवात.

सर्वोत्तम टेबल वरून खाली असं: रॉयल ८००, चार दुऱ्या २००, दुर्रीसह रॉयल २५, पाच सारखे १५, स्ट्रेट फ्लश ९, चार सारखे ५, फुल हाऊस ३, फ्लश २, स्ट्रेट २, तीन सारखे १. परतावा १००.७६. याची खूण एकच: चार सारख्यांना ५. आता हे फार थोड्या ठिकाणी उरलं आहे आणि सहसा पाव डॉलरपर्यंतच.

दुसरं, ज्याला इंग्रजीत 'नॉट सो अग्ली' म्हणतात: ८००, २००, २५, १६, १०, ४, ४, ३, २, १. परतावा ९९.७३. जॅक्स ९/६ पेक्षा वर! इथली खूण १६-१०-४-४-३.

यात सगळ्यात मोठा सापळा म्हणजे पहिलंच टेबल, फक्त चार सारख्यांचे ५ चे ४ केलेलं. एकच आकडा बदललेला. पण हुकमी दुऱ्यांमुळे चार सारखे दर पंधरा-सोळा हातांत एकदा येतात, साडेसहा टक्के हात. तेव्हा परतावा १००.७६ वरून थेट ९४ च्या घरात. जॅक्सच्या ६/५ पेक्षाही वाईट.

पत्तेबहाद्दर

@शिलेदार, छान. या दोन टेबलांत हात कसा बदलतो तेही लिहून ठेवतो. दुर्री नसलेल्या दोन जोड्या आल्या, उदाहरणार्थ नव्व्यांची आणि सत्त्यांची. दोन्ही धरल्या तर फुल हाऊससाठी ८ पत्ते आहेत: दोन नव्व्या, दोन सत्त्या, चार दुऱ्या. फुल हाऊसला ३ असतील तर ८ × ३ भागिले ४७, म्हणजे ०.५१. एकच जोडी धरली तर साधारण ०.५६. म्हणून पहिल्या टेबलावर एक जोडी टाकायची. दुसऱ्या टेबलावर फुल हाऊसला ४, म्हणजे ०.६८, तिथे दोन्ही जोड्या धरायच्या.

आणि दुर्री कधीही टाकायची नाही. कधीही.

मोरपंखी

एक बाळबोध शंका. हे सगळं गणित पत्ते खरोखर पिसलेले असतील तरच ना? 'हे मशीन तापलंय', 'त्याने आत्ता रॉयल दिला, आता देणार नाही' असं सर्रास ऐकू येतं.

गणितवेडा

शंका बाळबोध मुळीच नाही, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

नेवाडाचा नियम असा आहे की यंत्र खऱ्या पत्त्यांचा खेळ दाखवत असेल तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच असली पाहिजे. म्हणून तिथे परतावा कमी करायचा तर कॅसिनोला टेबलच छाटावं लागतं, आणि ते उघड्यावर छाटावं लागतं. आतला यादृच्छिक आकड्यांचा प्रोग्राम तुम्ही बटण दाबत नसतानाही अखंड फिरत असतो. मागच्या हाताची त्याला आठवण नसते, मशीन 'तापत' नाही. आपण उठल्यावर दुसऱ्याला रॉयल लागला म्हणून हळहळण्यात अर्थ नाही; आपण बसून राहिलो असतो तर बटण वेगळ्या क्षणी दाबलं गेलं असतं आणि पत्ते वेगळे आले असते.

पण एक अपवाद लाल शाईत लिहावा असा आहे. अमेरिकेतल्या आदिवासी जमातींच्या काही कॅसिनोंत 'क्लास टू' यंत्रं असतात. ही वर्गवारी १९८८ च्या कायद्यातून आली. त्यात निकाल बिंगोच्या सोडतीतून ठरतो आणि पत्ते फक्त तो निकाल दाखवायला असतात. तुम्ही चुकीचे पत्ते टाकले तरी एखादा पत्ता मागून बदलून ठरलेलं बक्षीस देतात. वरची टक्केवारी तिथे एक दिवसही लागू नाही. ओळखायची खूण म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटं बिंगो कार्ड किंवा यंत्रावर बिंगोचा उल्लेख. दिसला की पुढे चला.

निळाई

+१. काही राज्यांत लॉटरी खात्याची यंत्रंही मध्यवर्ती संगणकावरून निकाल घेतात. जिथे नियम ठाऊक नाही तिथे पे टेबल कितीही देखणं असलं तरी त्यावर भिस्त ठेवू नये.

टग्या_बोका

आता शोध कुठे घ्यायचा. माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हेच महत्त्वाचं.

लास व्हेगसच्या स्ट्रिपवर (मोठ्या कॅसिनोंचा मुख्य रस्ता) पाव डॉलरची टेबलं बहुतेक छाटलेली असतात, कारण तिथला ग्राहक परत येईलच असं नाही. रहिवाशांवर चालणाऱ्या, स्ट्रिपपासून दूरच्या कॅसिनोंत टेबलं चांगली राहतात. तिथे गिऱ्हाईक दर आठवड्याला येतं आणि आकडे वाचतं. बारच्या काउंटरमध्ये बसवलेली यंत्रं बहुधा वाईट, कारण फुकट पेयाचा खर्च तिथून वसूल होतो.

आणि एकच यंत्र म्हणजे एकच टेबल नव्हे! हल्लीच्या यंत्रात दहा-वीस खेळ आणि चार-पाच नाण्यांचे आकार असतात, प्रत्येक जोडीला वेगळं टेबल. त्यामुळे:

पैसे घालायच्या आधी खेळ निवडून बघा. बहुतेक यंत्रं पैसे न घालताही टेबल दाखवतात. काही मात्र एखादी नोट घातल्याशिवाय मेनू उघडत नाहीत, तिथे सगळ्यात छोटी नोट घाला आणि नको असेल तर तिकीट काढून घ्या. मग नाण्याचा आकार बदला आणि टेबल पुन्हा वाचा, कारण पाव डॉलरला ८/५ असलेलं अर्ध्या डॉलरला ९/६ होऊ शकतं. शेजारचं यंत्र दिसायला जुळं असलं तरी तेही वाचा. एकाच रांगेत दोन टेबलं मुद्दाम ठेवलेली असतात.

कॅसिनोनिहाय टेबलांची नोंद ठेवणारी 'व्हीपीफ्री२' ही यादी निघण्याआधी जरूर चाळा. फक्त यंत्रं हलतात, टेबलं रातोरात बदलतात, म्हणून जागेवर पुन्हा वाचणं आलंच.

हुकुमाची_राणी

यात एक जोड. डोक्यावर मोठा आकडा चढत जाणारी प्रोग्रेसिव्ह यंत्रं. तिथे टेबल बहुतेक ८/५ असतं आणि रॉयल ४,००० नाण्यांपासून चढत जातो. पाव डॉलरच्या ८/५ जॅक्सला शंभर टक्क्यांवर यायला मीटर १,००० डॉलरवरून साधारण २,१५० ते २,२०० पर्यंत चढलेला हवा. १,३०० दिसला म्हणून धावत जाऊ नका. ९/६ वर मीटर असेल तर सुमारे १,२२० डॉलरलाच बरोबरी होते, पण तसं यंत्र सापडणं विरळा.

शिलेदार

आणि डॉलर मशीनवर रॉयल म्हणजे ४,००० डॉलर. यंत्र अडकतं, माणूस येऊन हातात पैसे देतो आणि कराचा कागद भरून घेतो. पाव डॉलरच्या १,००० ला तसं होत नाही. मोठ्या आकाराकडे जाताना हाही हिशोब धरा.

रानजाई

क्लबच्या कार्डचे (कॅसिनोच्या सभासद कार्डावर खेळताना जमणारे) गुण किती मोजायचे? काही जण म्हणतात गुण धरले की ८/५ पण चालतं.

सांख्यिक

नाही चालत. गुण एकूण लावणीवर मिळतात आणि परतफेड सहसा ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या दरम्यान. व्हिडिओ पोकरला स्लॉटच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी दराने गुण देण्याची पद्धत आहे, चांगल्या टेबलाला तर कधी कधी शून्य. ९/६ वर ०.२५ मिळाले तर ९९.५४ चे ९९.७९ होतात, हे मोलाचं. ८/५ च्या २.७ टक्क्यांच्या भोकाला पाव टक्क्याचं ठिगळ पुरणार नाही.

गुणांच्या दुप्पट-तिप्पट दिवसांचं पत्रक मात्र नीट वाचा. 'व्हिडिओ पोकर वगळून' ही ओळ तळाशी बारीक अक्षरात असते.

पत्तेबहाद्दर

टेबल सापडलं म्हणजे काम झालं असं नाही, कारण ९९.५४ हा अचूक खेळाचा आकडा आहे. अंदाजाने खेळणारा त्यातले दोन-तीन टक्के सहज उधळतो. जॅक्सवर सगळ्यात महाग पडणाऱ्या चुका:

जोडीला सोबत म्हणून एक्का धरणं. जोडीबरोबर एक्का धरू नका, सगळे तीन पत्ते मागवा.

लहान जोडी मोडून उघडा (दोन्ही टोकांना पुरा होऊ शकणारा) स्ट्रेट धरणं. पंजी-छक्की-सत्ती-अठ्ठीला ८ पत्ते उपयोगी, ८ × ४ भागिले ४७ म्हणजे ०.६८. लहान जोडीची किंमत ०.८२. जोडी ठेवा.

लहान जोडी विरुद्ध चार पत्त्यांचा फ्लश: ९ × ६ भागिले ४७ म्हणजे १.१५, इथे फ्लश. पण जोडी गुलामाची किंवा वरची असेल तर तिची किंमत १.५४, तेव्हा जोडी.

तयार फ्लश आला, त्यात बदामाचे एक्का-राजा-राणी-गुलाम आणि पंजी. पंजी टाका. हातातले ६ सोडावे लागतात, पण सरासरी १८.४३ आहे.

सुटसुटीत तक्ता पाठ केला तरी ९९.४६ पर्यंत जाता येतं. उरलेल्या ०.०८ साठी बारीक अपवाद पाठ करायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. 'विझार्ड ऑफ ऑड्स' या संकेतस्थळावर कोणतंही टेबल भरून परतावा काढता येतो आणि सरावही करता येतो. कागदावरचा तक्ता जवळ ठेवून खेळायला सहसा कोणी अडवत नाही.

निळाई

म्हणूनच १००.७६ च्या मागे धावणाऱ्यांना सांगणं: ड्यूसेसचा तक्ता येत नसेल तर तिथे जॅक्सच्या सवयीने खेळू नका. एक्का-राजाची ओढ धरून बसलात तर फायद्याचं मशीन तोट्याचं होतं.

शिलेदार

@निळाई, अर्धवट सहमत. ड्यूसेसचा तक्ता हातात किती दुऱ्या आहेत त्यानुसार विभागलेला असतो आणि तीन-चार दुऱ्यांचे नियम दोन ओळींचे आहेत. मला तो जॅक्सपेक्षा अवघड वाटत नाही, वेगळा आहे इतकंच. घरी सराव केल्यावर चुका झपाट्याने कमी होतात.

किलवर_तिर्री

सगळ्यांचे मनापासून आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी सकस चर्चा झाली. मूळ प्रश्नाकडे येते. वाचणाऱ्यांच्या सरावासाठी तीन टेबलं देते, पाच नाण्यांचा रकाना, वरून खाली. आधी स्वतः ओळखा.

अ) ४०००, २५०, १२५, ४०, २५, २०, १५, १०, ५

ब) ४०००, १०००, १२५, ७५, ४५, २०, १५, १०, १०, ५

क) ४०००, २५०, ४००, २००, १२५, ४०, २५, २०, १५, १०, ५

रानजाई

प्रयत्न करते. सगळ्यांना पाचने भागलं. अ मध्ये फुल हाऊस ८, फ्लश ५, चार सारख्यांना एकच ओळ, दोन जोड्यांना २. म्हणजे ८/५ जॅक्स, ९७.३०. सोडून द्यायचं.

ब मध्ये १००० आहेत म्हणजे चार दुऱ्या, ड्यूसेस. २५, १५, ९ पर्यंत उत्तम, पण पुढे ५ ऐवजी ४. शिलेदारांचा सापळा. उठायचं.

क मध्येही ८/५ च, पण चार सारख्यांच्या तीन ओळी: ८०, ४०, २५. दोन जोड्यांना २. बोनस पोकर, ९९.१७. इथे बसायचं.

गणितवेडा

तिन्ही बरोबर. अ बद्दल एवढंच, की सोडण्यापूर्वी नाण्याचा आकार बदलून बघा. त्याच यंत्रात वरच्या आकाराला ४५ आणि ३० निघण्याची शक्यता असते.